फोन कुणाला करायचा?

पार्ल्यात मुलांसाठी खोली बघायला आलेले आई-बाबा मला दरवर्षी भेटतात. सोसायटीची सेक्रेटरी म्हणून भेटतात, आणि घरातली मागची खोली आम्ही कॉलेजच्या मुलींना देतो म्हणूनही भेटतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. भाडं किती, डिपॉझिट किती, स्टेशन किती लांब, मिठीबाई कॉलेजला चालत जाता येईल का, पाणी किती वाजता येतं, खोलीत मुली किती. हे सगळे प्रश्न विचारायलाच हवेत. पण एक प्रश्न फार थोडे पालक विचारतात, आणि आज तुमच्याशी त्याबद्दलच मोकळेपणाने बोलायचं आहे. रात्री अकरा वाजता बाथरूममधला पाइप फुटला, गीझरचा शॉक बसला, खालच्या मजल्यावरचे येऊन दार ठोठावू लागले किंवा रूममेट तापाने फणफणली, तर तुमच्या मुलीने फोन कुणाला करायचा? तो फोन कोण उचलणार? आणि उचलणाऱ्याच्या हातात काही करण्याचा अधिकार असणार का?

पार्ल्यात ही गोष्ट एवढी महत्त्वाची का, ते आधी सांगते. पूर्वेला साठ्ये आणि डहाणूकर कॉलेज, पूल ओलांडला की मिठीबाई, एन. एम., भगुबाई पॉलिटेक्निक, संघवी इंजिनिअरिंग, एनएमआयएमएस, आणि जवळच कूपर रुग्णालयाचं मेडिकल कॉलेज. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय निघालं, १९३४ साली केळवणी मंडळ ही शिक्षणसंस्था स्थापन झाली. तेव्हापासून या उपनगराने शाळा-कॉलेजं उभी करताना कधी हात आखडता घेतला नाही. मुलांच्या राहण्याची सोय मात्र त्या मानाने झाली नाही. बहुतेक मुलं लोकलने येत आणि लोकलने घरी जात, त्यामुळे तशी निकडही नव्हती. आता नांदेड, जळगाव, सांगली, रत्नागिरीपासून थेट इंदूर-उदयपूरपर्यंतची मुलं इथे शिकतात. वसतिगृहांतल्या जागा मोजक्या, मग उरतात आमच्यासारख्यांच्या इमारती. पार्ले पूर्व विमानतळाला खेटून असल्यामुळे इमारतींच्या उंचीवर बंधनं आहेत. त्यामुळे पुनर्विकास वर्षानुवर्षं रखडला, आणि हनुमान रोड, नेहरू रोडच्या आसपास जुन्या तीन-चार मजली इमारती अजून टिकून आहेत. त्यातल्या कितीतरी घरांतली मुलं परदेशी आहेत, आई-वडील एकटे आहेत किंवा तेही राहिले नाहीत. एकीकडे रिकाम्या खोल्या आणि दुसरीकडे जागा शोधणारी मुलं. त्यांची गाठ पडणं चांगलंच आहे. पण ती घालून देतो दलाल, आणि महिन्याभराची दलाली हातात पडली की तो मोकळा होतो.

मुलांना परगावी ठेवण्याची आपली जुनी रीत अशी नव्हती. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामं आपल्या हाताने करत. १९५५ साली पुण्यात अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, तीही खेड्यातून आलेल्या मुलांना आधार देत त्यांच्यावर कामं सोपवणारी. पैसा यातल्या कुठल्याच ठिकाणी मुबलक नव्हता. पण मुलगा आजारी पडला तर चौकशी कुणाकडे करायची, हे दूरच्या गावातल्या बापालाही ठाऊक असे. आज आपण त्याच्या कितीतरी पट पैसे मोजतो, आणि तेवढंच एक आपल्याला ठाऊक नसतं.

हे नुसतं बोलून कळायचं नाही, म्हणून आमच्या इमारतीत घडलेली गोष्ट सांगते. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे मालक परदेशात असतात. त्यांनी तो अकरा महिन्यांच्या करारावर एका माणसाला दिला, तो कुटुंबासह राहील अशा समजुतीने. त्याने आठवड्याभरात हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं, दुमजली लोखंडी कॉट आणल्या आणि कॉलेजची मुलं भरली. प्रत्येकाकडून वेगळं भाडं, वेगळं डिपॉझिट, आणि पावती म्हणजे व्हॉट्सॲपवर 'रिसीव्ह्ड' एवढंच. मुलं गुणी होती. जिन्यात भेटली की 'काकू, द्या इकडे' म्हणून माझ्या हातातली भाजीची पिशवी वर नेऊन ठेवायची. पावसाळ्यात त्यांच्या बाथरूमचं पाणी पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या देवघरात गळायला लागलं. फ्लॅट घेतलेल्या त्या माणसाला मुलं दादा म्हणायची. ती म्हणाली, आम्ही दादांना फोन केलाय. दादा म्हणाला, मालकांशी बोलतो. मालकांना तर आपल्या घरात कोण राहतं याचाच पत्ता नव्हता. कमिटीने त्यांना कळवल्यावर त्यांनी करार रद्द केला, आणि परीक्षेच्या तोंडावर मुलं बॅगा घेऊन खाली उभी राहिली. डिपॉझिट दादाकडे आणि दादाचा फोन बंद. एका मुलाचे वडील कराडहून रात्रीच्या गाडीने आले आणि सकाळी माझ्या घरी बसून म्हणाले, "ताई, तक्रार करायची तरी कुणावर?" मालकाशी त्यांचा कसलाही कागद नव्हता. दादाशीही नव्हता. पैसे गूगल पेने गेले होते एवढाच पुरावा.

फ्लॅट घेऊन मुलं ठेवणारे सगळेच असे नसतात. काही जण नीट चालवतात, बाई येते, वायफाय चालतो, तक्रार केली की दुसऱ्या दिवशी प्लंबर हजर. ओळखायचं कसं? तर त्या माणसाला मालकाशी झालेला करार दाखवायला सांगा. त्यात इतरांना ठेवण्याची मालकाची लेखी संमती आहे का ते स्वतः वाचा. ती नसेल तर तो तुम्हाला जे देतोय ते द्यायचा त्याला अधिकारच नाही. संमती असेल, तर तुमच्या मुलाच्या नावाने वेगळा कागद मागा, ज्यात भाडं, डिपॉझिट आणि सोडून जाण्याची मुदत लिहिलेली असेल. एक बारीक गोष्ट यातच सांगून टाकते. माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि किमान सलग ९० दिवसांच्या निवासावर २०२४ पासून जीएसटी लागत नाही. तो लावून जास्तीचे पैसे मागितले तर विचारा.

आता कराराबद्दल. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणीची गरज नाही, नोटरी करून टाकू,' हे वाक्य दलालाच्या तोंडून तुम्ही हमखास ऐकाल. ते चूक आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या देशभरच्या नियमावरून तो समज पसरला. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की चार. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. शिवाय नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने ते खोटं ठरवेपर्यंत. म्हणजे मालकाचंही हित नोंदणीतच आहे.

मालक लोक करार नोंदवायला घाबरतात, त्यामागे इतिहास आहे, आणि तो समजून घेतलात तर त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडेकरूला घरातून काढणं जवळपास अशक्य केलं. म्हणून मालकांनी 'लायसन्स' ही वाट काढली. मग १९७३ साली सरकारने दुरुस्ती करून त्या वर्षी १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूच मानलं. मुंबईतल्या मालकांनी त्याची अशी धास्ती घेतली की पुढची कित्येक वर्षं माणसांनी फ्लॅट कुलूप लावून ठेवले, पण कुणाला दिले नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या पिढीने ते पाहिलं आहे, आणि 'मुलं ठेवायची नाहीत' हा घराघरातला हट्ट तिथून आलेला आहे. १९९९ च्या कायद्यात कलम २४ आलं आणि चित्र बदललं. मुदत संपल्यावर जागा सोडावीच लागते, न सोडल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. कायदा आता मालकाच्या पाठीशी आहे, पण कागद नोंदवलेला असला तर. हे तुम्ही शांतपणे सांगितलंत तर कुरकुरणारे काकाही ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

खर्चाचा बाऊ करू नका. समजा फ्लॅटचं भाडं महिना २५,००० आहे आणि डिपॉझिट १ लाख. अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला १० टक्के व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे सात-आठशे रुपये. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. आधारच्या बायोमेट्रिकवर हे सगळं ऑनलाइन होतं, घरी येऊन अंगठा घेणारे एजंट मिळतात, त्यांचे थोडे पैसे वेगळे. तीन मुलांत वाटलं तर माणशी हजाराच्या आसपास. मुलगा अकरावी-बारावीत असेल, अठरा पूर्ण नसतील, तर त्याची सही कायद्याने चालत नाही, करारात तुम्हीच पक्ष असायला हवेत. अठरा पूर्ण असतील तर मात्र त्याचं नाव घाला, आणि त्याला तो करार वाचायला लावा. वडिलांनी सगळं परस्पर उरकलं आणि मुलाला नोटीस पिरियड एक महिन्याचा की दोन हेही माहीत नाही, असं मी पुष्कळ वेळा पाहते. आणि एकाच करारावर तिघांची नावं असली तर भाडं तिघांनी मिळून द्यायचं असतं. एकजण दिवाळीत सोडून गेला, तर त्याचा वाटा उरलेल्या दोघांच्या बोकांडी बसतो. म्हणून तिन्ही मुलांच्या पालकांनी आधी एकमेकांशी बोललं पाहिजे. आमच्याकडे गेल्या खेपेला आलेल्या मुलींच्या आयांनी पहिल्याच दिवशी एकमेकींचे नंबर घेतले, आणि जी आधी सोडेल तिने बदली मुलगी शोधून द्यायची किंवा दोन महिन्यांचं भाडं द्यायचं, असं लिहून ठेवलं. तो कागद पुन्हा बघायची वेळ आली नाही.

सोसायटीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे तुम्हाला उगाच घाबरवलं जातं. आदर्श उपविधींप्रमाणे सदस्याला फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आगाऊ लेखी कळवायचं, आणि कराराची व पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. भोगवटा नसल्याचा जो आकार लावतात तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, असा सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. तो मालकाने भरायचा, मुलांकडून वसूल करायचा नाही. 'बॅचलर नको', 'अमुक आडनाव नको', 'अमुक खाणारे नको' असे ठराव अजूनही होतात. आमच्या सभेतही एकदा असा ठराव आला होता, आणि मी त्याच्या विरोधात बोलले. ज्या पार्ल्याने शिक्षणासाठी एवढं केलं, त्या पार्ल्यात शिकायला आलेल्या पोराला जात-धर्म विचारून दारातून परत पाठवणं ही लाजेची गोष्ट आहे. पालकहो, असा अनुभव आला तर गप्प बसू नका. सोसायटीकडे लेखी उत्तर मागा, उपनिबंधकांकडे जा. पुष्कळदा लेखी मागितलं एवढ्यानेच सूर बदलतो.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती डिपॉझिटवरून. शेजारच्या इमारतीत राहणारी एक मुलगी जागा सोडताना मालकाने दिलेला हिशेब घेऊन माझ्याकडे आली होती. वहीचं फाडलेलं पान. त्यावर रंगकाम, गीझर, 'किचन ओट्याला डाग', 'सफाई', 'दोन पंखे', आणि शेवटी 'इतर'. बेरीज डिपॉझिटच्या निम्म्याहून जास्त. ती म्हणाली, काकू, भिंतीला ओल आम्ही आलो तेव्हाच होती. खरंच होती, मीही ती पाहिलेली होती. पण सिद्ध कशाने करायचं? मी तिला घेऊन मालकांकडे गेले, बोलून थोडे पैसे परत मिळाले, सगळे नाही. यावर उपाय अर्ध्या तासाचा आहे. चावी घेण्याच्या दिवशी मालकाला बरोबर घेऊन मोबाइलवर सगळं घर चित्रित करा. भिंतींचे कोपरे, खिडकीच्या वरची ओल, संडासाचा फ्लश, गादीची मागची बाजू, पंखे फिरवून, नळ सोडून, लाइटच्या मीटरचा आकडा वाचून. मग एका कागदावर वस्तूंची यादी, प्रत्येकीपुढे 'चालू', 'जुनं', 'तुटकं', आणि खाली दोघांच्या सह्या. तो व्हिडिओ तिथेच मालकांना पाठवून द्या. सोडताना हेच पुन्हा करा. नेहमीच्या वापराने भिंत मळते, त्याचे पैसे मुलांनी द्यायचे नसतात. आणि डिपॉझिट रोखीने कधीही देऊ नका, ते करारात लिहिलेलं आणि बँकेतून गेलेलं हवं.

इंग्लंडमध्ये शिकणारी मुलं ज्यांच्या घरात आहेत त्यांना डिपॉझिटबद्दल विचारा. तिथे २००७ पासून मालकाला भाडेकरूचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, आता त्याला ३० दिवसांची मुदत आहे. वाद झाला तर ती योजनाच दोन्ही बाजू बघून निर्णय देते, भाडेकरूला त्याचा खर्च नाही. २०१९ च्या कायद्याने सर्वसाधारण घरांचं डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यावर आणून ठेवलं. आपल्या केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, बंधन नाही. मुंबईत तीन-चार महिन्यांचं, कधी सहा महिन्यांचं डिपॉझिट सर्रास मागतात. मला विचाराल तर विद्यार्थ्यांपुरती तरी दोन महिन्यांची मर्यादा महाराष्ट्राने घालायला हवी आणि डिपॉझिट तिसऱ्याच्या हाती ठेवण्याची सोय करायला हवी. तोवर दोन महिन्यांचा आग्रह तुम्ही धरा. सगळेच पालक तो धरू लागले तर मालकांनाही विचार करावा लागेल.

खोली बघायला मुलांना एकटं पाठवू नका, निदान एकदा स्वतः या. आणि जमलं तर पावसात या, कारण मे महिन्यात भिंती कोरड्या असतात आणि रंग ताजा असतो. बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का ते बघा. असेल आणि तिथे उघडा झरोका नसेल, तर ती जागा घेऊ नका, भाडं कितीही कमी असू दे. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आत गेलेलं मूल बेशुद्ध पडल्यावर दाराची कडी आतून लागलेली असते. विजेच्या बोर्डात गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच असतो, त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबा. खट् आवाज होऊन लाइट गेले तर ठीक. गेले नाहीत किंवा तो स्विचच नाही, तर मालकाला आधी तो बसवायला सांगा. चार मुलांचे चार लॅपटॉप, चार फोन, एक इस्त्री आणि प्लग एकच, अशी खोली मी पाहिली आहे. माळ ओवल्यासारखे एकातून एक एक्स्टेन्शन काढलेले. खिडकीच्या जाळीला बाहेर पडायला झडप आहे का आणि तिच्या कुलपाची किल्ली कुठे असते, हेही विचारा.

आता जरा नाजूक विषय. मुलींचे पालक मला हळूच बाजूला घेऊन सांगतात, 'ती किती वाजता येते-जाते, कुणाबरोबर येते, ते आम्हाला जरा कळवत जा.' मी नम्रपणे नाही म्हणते. तुमची काळजी मला कळते, मीही मुलीची आई आहे. पण जिच्यावर पाळत ठेवली जाते, ती मुलगी अडचणीत सापडल्यावर पाळत ठेवणाऱ्याला फोन करत नाही. आणि दहाला गेट बंद म्हणजे सुरक्षितता, असं ज्यांना वाटतं त्यांना मी विचारते, साडेदहाला पोहोचलेल्या मुलीने उरलेली रात्र कुठे काढायची? लायब्ररी, इंटर्नशिप, नाटकाची तालीम, रखडलेली लोकल, उशीर होण्याची शंभर कारणं असतात. आमच्याकडे नियम एवढाच आहे की उशीर होणार असेल तर मेसेज करायचा, आणि दार कितीही वाजता उघडलं जाईल. मुलगे असते तरी हाच नियम ठेवला असता.

जून २०२३ मध्ये चर्नी रोडच्या सावित्रीदेवी फुले वसतिगृहात, म्हणजे सरकारी वसतिगृहात, एका मुलीचा खून झाला, आणि संशय तिथल्याच रखवालदारावर होता. ती बातमी वाचल्यापासून मी प्रत्येक आईला सांगते, मुलीने 'वॉचमनचं बघणं बरं वाटत नाही' किंवा 'त्या अंकलना आवरायला सांगा' म्हटलं, तर 'दुर्लक्ष कर' म्हणू नका. त्याच दिवशी मालकाला आणि सोसायटीला लेखी कळवा. ठिकाण सरकारी आहे, ओळखीच्याचं आहे, आपल्या माणसाचं आहे, हे तक्रार बाजूला सारायचं कारण होऊ शकत नाही.

'लोकल गार्डियन' म्हणून तुम्ही ज्या मामांचं नाव देता, ते डोंबिवलीला राहतात. रात्री त्यांना पार्ल्याला पोहोचायला दीड-दोन तास लागतील. त्यांचं नाव जरूर द्या, पण चालत येऊ शकेल असं एक माणूसही शोधा. इमारतीतलं एखादं कुटुंब, कोपऱ्यावरचे डॉक्टर, डबा देणाऱ्या काकू. पहिल्या दिवशी मुलाला बरोबर नेऊन ओळख करून द्या.

ज्यांची पैशाची ओढाताण होते त्यांच्यासाठी थोडं सांगते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार योजनेतून मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. आदिवासी मुलांसाठी स्वयम्, ओबीसी मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार, आणि आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अशा योजना आहेत. भाड्याने राहत असल्याचा पुरावा त्यासाठी लागतो, म्हणूनही करार नोंदवून घ्या. पण निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला सतराशेच्याही आत. तेवढ्यात पार्ल्यात एक कॉटही मिळत नाही. ही रक्कम वाढायला हवी, आणि ते मागण्याचा हक्क तुम्हा पालकांना आहे.

माझ्या पार्लेकर शेजाऱ्यांशीही दोन शब्द बोलायचे आहेत, कारण तेही पालक आहेत. तुमची मुलं बोस्टनला, म्युनिकला कुणाच्या तरी घरात भाड्याने राहिली. तिथे हीटर बंद पडला तेव्हा कुणी फोन उचलावा असं तुम्हाला वाटत होतं? फ्लॅट मुलांना देता तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावा. मालकाचा नंबर, मालक बाहेर असेल तर ज्याला निर्णयाचा आणि खर्चाचा अधिकार दिला आहे त्याचं नाव आणि नंबर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, जवळचं हॉस्पिटल. परदेशात राहणाऱ्यांनी इथल्या एका माणसाला तसा अधिकार लिहून द्यावा आणि सोसायटीला कळवावं. आमच्या सोसायटीने आता हे सगळ्या भाड्याच्या फ्लॅटना लागू केलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मालकांनीही आपल्या मावसभावाला नेमलं. सध्या तिथे मेडिकलच्या चार मुली राहतात, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी त्यांच्याकडून रक्तदाब तपासून घेतात.

राहिली पुढच्या वर्षाची गोष्ट. जुलैपासून अकरा महिने मोजले तर करार मेअखेर संपतो, आणि कित्येक कोर्सच्या परीक्षा किंवा पुरवणी परीक्षा तेव्हाच चालू असतात. म्हणून तारीख ठरवताना परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवा, पंधरा दिवस जास्तीचे घ्या. आणि इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का, हे करार करण्याआधी मालकाला नाही, सोसायटीच्या ऑफिसात विचारा. आता पार्ल्यात एकेक इमारत रिकामी होऊ लागली आहे, आणि घर खाली करण्याची नोटीस वर्षाच्या मध्यात आली तर भाड्याने राहणाऱ्या मुलांचा विचार सगळ्यात शेवटी होतो. आमच्या इमारतीचाही ठराव सभेपुढे आला आहे. यंदा खोली बघायला येणाऱ्या प्रत्येक आई-बाबांना मी हे आधी सांगते आहे, आणि मध्येच जागा सोडायची वेळ आली तर परीक्षेपर्यंत मुलींना जवळपास दुसरी खोली बघून देण्याची जबाबदारी माझी, असं करारातच लिहून देते आहे.